नडगीवरचा बर्फ

२ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही बोलता आणि मी नुसती हूं हूं करते, म्हणून यावेळी पत्र. पत्राला मध्येच गप्प बस म्हणता येत नाही.

आधी बरी बातमी. मी खेळाडूंची डॉक्टर होण्यासाठी कुठल्याशा चकचकीत इस्पितळात शिकते, असं तुम्ही सगळ्यांना सांगत असाल तर थांबवा. आमचा दवाखाना फर्निचरच्या दुकानावर आहे. जिना इतका अरुंद आणि चढा, की गुडघे धरून येणारे खेळाडू वर पोचेपर्यंत आमच्या नावाने खडे फोडतात. आम्ही तिघे शिकाऊ दुपारभर एकमेकांच्या घोट्यांना चिकटपट्ट्या बांधतो आणि ओढून काढतो. एकाच्या पायावर तर आता औषधालाही केस उरलेला नाही. आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमचा शिरस्ता एकच: खेळाडूला ताजातवाना असताना तपासायचं नाही. आधी जिना चढायला-उतरायला लावायचं, धाप लागली की मगच पाय हातात घ्यायचा.

आता मुद्दा. पंधरा तारखेच्या निवड शर्यतीसाठी तुम्ही आपल्या चिंगीला माझ्याकडे प्रमाणपत्राला पाठवलंत. धाकटी बहीण, म्हणून मीही जिना गाळला आणि थेट एका पायावर उड्या मारायला सांगितल्या. तिने हसत मारल्या. मी सहीला पेन काढलं आणि सहज तिच्या नडगीला हात लावला. नडगी गारढोण होती! दुसरा पाय मात्र उबदार. मग पिटाळलं तिला जिन्यावर. घाम फुटला, नडगी तापली, आणि त्याच उडीला तिचा चेहरा पांढराफटक पडला. हाडाला बारीक तडा जायला लागला आहे. एमआरआयमध्येही तेच दिसतंय.

बाबा, तपासणीआधी बर्फ चोळून दुखणं बधिर करायचं, ही अक्कल तिची नव्हे. ही मैदानावरची युक्ती आहे आणि मैदान तुमचं आहे. मी सही करणार नाही. निदान दोन-तीन महिने तिचं धावणं बंद. तुम्ही तिचे प्रशिक्षक असाल, पण तिची डॉक्टर मी आहे.

आईला नमस्कार. राग यायचा तो येऊ द्या, लोभ जाऊ देऊ नका.

तुमची,
मोठी


६ फेब्रुवारी

चि. डॉक्टरीणबाईंस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. फाडलं नाही. घडी करून खिशात ठेवलंय, म्हणजे मनात येईल तेव्हा काढून संतापता येतं.

बर्फ मी लावला? अगं, जन्मभर उन्हात उभा राहून पोरं पळवली, पण एकालाही लबाडीने उतरवलं नाही. बर्फाचं मला तुझ्याच पत्रातून कळलं. चिंगीला विचारलं तर ती मान खाली घालून आत निघून गेली. तूच तिला घाबरवून सोडलं असणार.

आणि एक सांगतो. तू पाळण्यात होतीस तेव्हापासून मी पाय बघतोय. सरावात नडग्या सगळ्यांच्याच दुखतात. म्हणून काय सगळ्यांनी खाटेवर पडायचं? वर्षअखेर क्लब मला निरोपाचा हार घालणार. इतक्या वर्षांत माझा एकही धावपटू निवड शर्यतीत पहिला आला नाही. चिंगी येऊ शकते, हे तुलाही ठाऊक आहे. अशा वेळी घरच्याच डॉक्टरने आडवं यावं, म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं. इथे दुसरे डॉक्टर आहेत, ते सही देतो म्हणालेत. पंधराला, रविवारी ती पळणार.

तब्येतीला जप, असं आईने लिहायला सांगितलंय. मीही तेच सांगतो, पण रागाने.

तुझाच,
बाबा


९ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बर्फ तुमचा नसेल तर तो शब्द मागे घेते. बाकी एकही नाही.

मॅडमना सगळं सांगितलं. घरचं माणूस म्हणून शिरस्ता मोडलास, यावरून त्यांनी आधी माझीच हजेरी घेतली. मग एमआरआय पाहिला आणि म्हणाल्या की निदान बरोबर आहे, ही मुलगी शर्यतीत उतरली तर हाड मोडूनच घेईल. मग पायात सळी घालावी लागेल. बाबा, पदक त्या सळीला अडकवणार आहात का?

आता नीट ऐका. रविवारी मैदानावरचं वैद्यकीय पथक आमच्याच दवाखान्याचं आहे. शंका आली तर पथक कुणालाही रेषेवरून बाजूला काढू शकतं. दुसऱ्या डॉक्टरांच्या सह्या खुशाल आणा, गठ्ठ्याने आणा. मी सगळ्या मैदानासमोर तिला दंडाला धरून बाहेर काढीन. त्यानंतर तुम्ही मला घरात घेतलं नाहीत, तरी काढीन. हट्ट तुमच्याकडूनच आलाय माझ्यात, तेव्हा तक्रार करायची सोय नाही.

भांडायला का होईना, भेटा. मनातून दूर करू नका.

तुमची,
मोठी


१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबांना आलेली तुझी दोन्ही पत्रं मी वाचली. माझ्याच पायाबद्दल आहेत, तेव्हा चोरी समजू नकोस.

बर्फ मीच लावला. थर्मासात घालून बसमधून आणला आणि तुमच्या दवाखान्याखालच्या दुकानात एका सोफ्यावर बसून चोळला. दुकानदाराला वाटलं गिऱ्हाईक आलं. तो बिचारा किंमत कमी करत राहिला. आणि ही युक्ती मला कुणी शिकवलेली नाही. एवढी अक्कल मलाही आहे बरं का! बाबा निवृत्त व्हायच्या आत एकदा जिंकावं, इतकंच डोक्यात होतं.

काल सरावाला गेले आणि सगळ्यांसमोर बाबांना म्हटलं की आता बघा. बर्फाशिवाय एका पायावर उड्या मारायला लागले. थोड्याच झाल्या आणि मी मटकन खाली बसले. फार दुखलं गं. बाबांनी हात देऊन उठवलं. मग मी तशीच लंगडत क्लबाच्या सचिवांकडे गेले आणि माझं नाव काढा म्हणून सांगितलं. ते म्हणाले की वडिलांना घेऊन ये. मी म्हटलं की मी एकोणीस वर्षांची आहे आणि नाव माझं आहे. त्यांनी माझ्या मागे पाहिलं, तर दारात बाबा उभे. ती सांगते तसं करा, एवढंच म्हणाले. तेव्हापासून फुरंगटून बसलेत. जेवतात मात्र व्यवस्थित.

तेव्हा मला दंडाला धरून बाहेर काढायचा तुझा तमाशा रद्द समज.

पण मी तुझ्यावरही चिडले आहे. तुम्ही दोघं एकमेकांना पत्रं लिहिता आणि माझं ठरवून टाकता. तू नडगी दाबून विचारलंस, इथे दुखतं का, तिथे दुखतं का. बाबा घड्याळ बघून विचारतात, आज किती सेकंद. तुला पळायचंय का, हे तुम्हा दोघांपैकी एकानेही आजवर मला विचारलेलं नाही.

तर न विचारता सांगते. मला पळायचं आहे. बाबांच्या निरोपापुरतं नाही, केस पांढरे होईपर्यंत पळायचं आहे. म्हणून रविवारी मी पळणार नाही.

रागावलेली, तरी तुझीच,
चिंगी