पोस्टकार्डांची मागची बाजू

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा शिवणयंत्रे दुरुस्त करण्याचा (गुडघ्यांमुळे सध्या बंद), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. मी शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी माझ्यावर दडपण आणलेले नाही. मी आयुष्यभर कोणाचे ऐकले नाही, तेव्हा याच कामी ऐकले असेल अशी शंका कोणी घेऊ नये. यापूर्वी केलेले मृत्युपत्र, ज्यात मी माझ्या एकुलत्या एक मुलीचा उल्लेख मुद्दाम गाळला होता, ते या लेखाने रद्द होत आहे. ते सापडल्यास फाडून टाकावे.

कलम १. माझी सर्व हत्यारे, म्हणजे पेचकस, चिमटे, तेलाची कुपी आणि सुट्या भागांचे खणांचे कपाट, तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंना द्यावीत. त्यांनी मशीनला तेल कमी घालावे. हे मी त्यांना वीस वर्षे सांगत आहे.

कलम २. बँकेत जे काही शिल्लक असेल ते माझ्या धाकट्या बहिणीचे. तिने ते नातवंडांवर उधळू नये, स्वतःचे दात बसवून घ्यावेत.

कलम ३. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त साहेबांना माझी पत्र्याची बादली द्यावी. त्यांच्या न्हाणीघरातून गळणारे पाणी तिने चार वर्षे झेलले आहे. तिच्यावर त्यांचा हक्क माझ्याहून जास्त.

कलम ४. पोस्टकार्डांचे तीन अल्बम आणि बिस्किटांच्या डब्यातली त्रेचाळीस सुटी पोस्टकार्डे माझ्या नातीला द्यावीत. याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे. बाकी सगळे नुसते सामान आहे.

मुलगी सात वर्षांची असताना तिची आई गेली. संध्याकाळ कशी घालवायची हे आम्हा बापलेकींना कळेना. एकदा रद्दीच्या दुकानातून मी जुन्या पोस्टकार्डांचा गठ्ठा आणला. एका बाजूला देशोदेशीची चित्रे, दुसरी बाजू कोरी. आम्ही नियम केला, की गावाविषयी तीन गोष्टी कळल्याशिवाय कार्ड डकवायचे नाही. नकाशात गाव शोधायचे, वाचनालयात जाऊन ग्रंथपालांचे डोके खायचे आणि नदी कुठून येते, लोक पोटासाठी काय करतात, थंडीत पाणी गोठते का, हे सगळे वहीत उतरवायचे. एका बंदरातल्या पुलावर तिचा फार जीव होता. चित्र काळे-पांढरे होते.

"बाबा, याचा रंग कुठला?"

"तपकिरी," मी ठोकून दिले.

पुढे ती परिचारिका झाली आणि तेविसाव्या वर्षी तिला त्याच गावी नोकरी लागली. मी म्हणालो, "चित्रात बघितलंस तेवढं पुरे."

ती म्हणाली, "बाबा, नाद तुम्हीच लावलात ना?"

मी ओरडलो. "गेलीस तर पत्र पाठवू नकोस. मी वाचणार नाही."

ती गेली. अकरा वर्षांत तिने त्रेचाळीस पोस्टकार्डे पाठवली, आणि मी माझा शब्द पाळला. चित्र बघायचो, त्याखालचे छापील नाव वाचायचो, वाचनालयात तीन गोष्टी शोधायचो आणि तिने लिहिलेल्या बाजूला खळ फासून कार्ड डकवून टाकायचो. बहीण म्हणायची, "दादा, अरे एक ओळ तरी वाच. पोरीचं अक्षर आहे, विंचू नाही चावणार." मी म्हणायचो, "तिथली सगळी माहिती आहे मला." आणि होतीच. त्या बंदरात बोटी कधी लागतात, बर्फ कधी वितळतो, हे मी तोंडपाठ सांगितले असते.

शेवटच्या कार्डावर एका रुग्णालयाची बाग होती. ती तिथे कामाला असेल असे मी धरून चाललो. बागेतली झाडे कोणती, इमारत कधीची, खाटा किती, हे शोधून काढले. सात आठवड्यांनी ती गेल्याचे जावयाचे पत्र आले. खाटा किती हे मला ठाऊक होते. त्यांतल्या एका खाटेवर माझी मुलगी आहे, हे ठाऊक नव्हते.

मग मी किटलीच्या वाफेवर एकेक कार्ड सोडवले. नऊ दिवस लागले. सहा कार्डांची शाई अल्बमच्या पानांना उलटी चिकटून राहिली, ती दाढीच्या आरशात वाचली. दोन काही केल्या लागली नाहीत. पहिल्यावर होते : "बाबा, पूल हिरवा आहे." एकविसाव्यावर : "मुलगी झाली. नाक तुमचं आलंय, बिचारी." शेवटच्यावर : "डावीकडून तिसरी खिडकी माझी. इथून पोस्टमन येताना दिसतो. नुसतं कोरं कार्ड टाकलंत तरी चालेल."

याला आठ वर्षे झाली. याबद्दल मला कोणी दोष दिला नाही. जावयानेही नाही. दिला असता तर बरे झाले असते.

कलम ५. राहते घर, दोन खोल्या आणि गच्चीतल्या वाट्यासह, नातीचे. ती आता चौदा वर्षांची आहे. आईने तिला सहा वर्षांची होईपर्यंत जेवढी अक्षरे शिकवली, तेवढ्या शिदोरीवर ती मला पत्रे लिहिते. ऱ्हस्व-दीर्घ चुकते. चुकू दे. तिच्या प्रत्येक पत्राला मी त्याच दिवशी उत्तर टाकतो. ती सज्ञान होईपर्यंत घराची देखभाल ग्रंथपालांनी करावी. त्यांनी हो म्हटले आहे.

कलम ६. मी गेल्याचे नातीला फोनवर कळवू नये. आमच्या रस्त्याचे पोस्टकार्ड कोणी छापत नाही, छापण्यासारखे इथे काही नाही. म्हणून फोटो स्टुडिओवाल्यांकडून आमच्या इमारतीचे एक चित्र काढून घेतले आणि जाड कागदावर छापून घेतले. ते टेबलाच्या खणात आहे. पत्ता घातला आहे, तिकीट लावले आहे. ग्रंथपालांनी फक्त तारीख घालून पेटीत टाकावे. मजकूर पुढे कोणाला शंका नको म्हणून इथे उतरवतो :

"बाळ, मी गेलो. हे घर आता तुझं. ठेव किंवा विकून टाक, पण एकदा येऊन बघून जा. दुधाच्या दुकानाशेजारी ज्या पायऱ्या दिसतात, तिथे तुझी आई सायकल शिकताना पडली होती. तिच्या हनुवटीवरचा व्रण तिथला. रडली नाही, उठून पुन्हा बसली. मी मागे धावत होतो."

हे मृत्युपत्र मी साक्षीदारांना वाचून दाखवले. चौथे कलम वाचताना थांबावे लागले. ते पुढे ग्रंथपालांनी वाचले. नंतर आम्ही तिघांनी एकमेकांसमोर सह्या केल्या.

स्थळ : राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक : ३ मार्च, सकाळी साडेदहा

(सही) लिहून देणार

साक्षीदार :
१. (सही) कोपऱ्यावरच्या दवाखान्याचे डॉक्टर
२. (सही) वाचनालयाचे ग्रंथपाल