सहा तासांत अख्खी यादी

३ मार्च
अट बदलली! 'दहा वर्षांचा अनुभव' खोडला एकदाचा. आता आम्हीही अर्ज करू शकतो — आम्ही चौघं आणि ही भाड्याची खोली! इंटरनेटवरच्या ज्या पत्त्यांच्या शेवटी देशाची अक्षरं असतात, त्यांची मूळ यादी एकोणीस वर्षं एकच कंपनी सांभाळतेय. आम्ही तिला 'थोरली' म्हणतो. पुढची पाच वर्षं यादी कोणाकडे, ते आता ठरणार.

५ मार्च
अनुभवाऐवजी परीक्षा. यादीची अडीअडचणीसाठी ठेवलेली सीलबंद प्रत उघडायची, सहा तासांत सगळी नावं चालू करून दाखवायची. आम्ही समितीच्या डोळ्यांदेखत. थोरलीने मात्र आपल्याच ऑफिसात, आणि तांत्रिक प्रमुखाच्या सहीचा कागद दिला की झालं. वा रे न्याय!

९ मार्च
रविवार. ताईकडे जेवले. थोरलीचे तांत्रिक प्रमुख म्हणजे आमचे भावजीच, त्यामुळे तो विषय कोणी काढला नाही. भावजी भाचीचं गणित घेत बसले, मी भांडी पुसली. बरं वाटलं.

११ मार्च
पहिली तालीम. पार बोजवारा! नावं उभी राहिली आणि एका फटक्यात दोन लाख गायब. डोकं धरून बसलो. मग उलगडा झाला — मास्तरांनी (शाळेतली नोकरी सोडून आमच्यात आले, म्हणून मास्तर) कसलीशी चाचणी करताना मशीनची तारीख वर्षभर पुढे ढकलली होती. मागे आणायला विसरले. मशीनला वाटलं, दोन लाख लोकांच्या नोंदणीची मुदत संपली! हसून हसून पुरेवाट. मास्तर मुकाट्याने अंगठे धरून उभे राहिले.

१२ मार्च
आठ तास. छे!

२४ मार्च
पाच तास वीस मिनिटं. आज मी खरंच खूश आहे. हे काम मला आवडतं, निकाल काहीही लागो.

२ एप्रिल
परीक्षा. चार तास एक्कावन्न मिनिटं! समितीतल्या बाईंनी विचारलं, "याआधी किती वेळा केलंत?"
"एकवीस," मी म्हटलं. त्यांनी ते लिहून घेतलं.
तरी मनात पाल चुकचुकतेच. थोरलीची माणसं हे झोपेतसुद्धा करतील.

१८ एप्रिल
यादी आमची! मास्तर खुर्चीवर चढून नाचले. थोरलीचा कागद आलाच नाही म्हणे. का, ते मी विचारलं नाही. आनंदात कोण विचारतं? ताईला फोन केला. छान झालं गं, एवढंच म्हणाली. भावजींना लागलं असणार.

२१ एप्रिल
ताई येऊन गेली. थोरलीने ती प्रत एकोणीस वर्षांत एकदाही उघडून पाहिली नव्हती. परीक्षेत उघडायला गेले, तर ती उघडेचना. तरी 'यशस्वी' असा कागद टाइप करून भावजींपुढे ठेवला. त्यांनी सही केली नाही. दोन आठवडे झाले, ते घरी बसलेत. मला कळू द्यायचं नाही, असं त्यांनी ताईला बजावलं होतं.