टबातले सहा कार्प

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी दहा

आजपासून नवी घडी बसवायची. म्हणून ही रोजनिशी.

फॅक्टरी मार्चमध्ये बंद पडली, पण मी बेकार नाही. मोकळा आहे. बेकार वेगळा, मोकळा वेगळा. सरकार भत्ता देतं ते माझ्या अनुभवाची कदर म्हणून.

निश्चय: सिगारेट बंद. कॉफी घरीच. भाजी बाजार उठायच्या वेळी.

भत्त्यात महिना बसत नाही, असं देसांका म्हणते. बसतो. बसवता आला पाहिजे. वीस वर्षं डिस्पॅच विभाग सांभाळला, एका ट्रकमध्ये दीड ट्रकचे सोफे बसवले. ती म्हणाली, सोफे गप्प बसतात रे, वीज कंपनी नाही बसत.

बायकोला मोठं चित्र दिसत नाही.

३ नोव्हेंबर. दुपार

सिगारेट उद्यापासून. पाकीट उघडलेलं होतं, वाया घालवणं हीसुद्धा उधळपट्टीच.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

स्लावा जवळ आली, घराच्या संताचा सण. आमच्या घराचा संत निकोला. आजोबांकडून बाबांकडे, बाबांकडून माझ्याकडे. स्लावाला कोणाला बोलवायचं नसतं, ज्याला यायचं तो येतो, आणि आलेल्याला जेवल्याशिवाय सोडायचं नसतं. मेणबत्ती मी लावायची, संध्याकाळी लाल वाइनचे थेंब टाकून मीच विझवायची. घरच्या कर्त्याचं काम. बाबांच्या वेळी पाहुणे जिन्यात उभे राहून जेवायचे.

देसांका म्हणाली, यंदा साधंच करू. पाव, मेणबत्ती आणि राजमा. उपासाचे दिवस असतात, कोणी नावं ठेवणार नाही.

मी म्हणालो, स्वेतोझारचा मुलगा पाहुण्यांना राजम्यावर वाटेला लावणार? मासा उपासाला चालतो. कार्प होणार, आणि प्रत्येक ताटात होणार.

कशातून, म्हणाली.

नियोजनातून, म्हणालो.

तिला सांगितलं नाही, इथे लिहितो. फॅक्टरी गेली, गाडी विकली, लोक मला आता साहेब म्हणत नाहीत. एवढी स्लावाच काय ती उरली आहे. ती नीट झाली नाही तर मी कोण, हे मलाही सांगता येणार नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मेहुणा आला होता. मोमिर. खालच्या गल्लीत त्याची बेकरी आहे. मला उपकार करायचे म्हणून आला. म्हणाला, दाजी, माझा व्हॅनवाला निकोला झाला की चाललाय जर्मनीला मुलीकडे. तुम्ही या. पहाटे पाव पोचवायचा, दहाला मोकळे.

मी शांतपणे समजावलं की मी डिस्पॅच प्रमुख होतो. पोचवणाऱ्यांचा प्रमुख.

म्हणाला, मग रस्ते माहीतच असतील.

माणूस दोन ओव्हनचा मालक झाला की असा बोलतो. जाताना एक पिशवी ठेवून गेला, दोन पाव आणि चीज भरलेलं गरम बुरेक. मी हात लावला नाही. पहिला अर्धा तास.

२२ नोव्हेंबर, शनिवार

कार्पचा प्रश्न सुटला. स्वतःच धरायचे. तामिश नदी घरामागे आहे, खर्च शून्य. फक्त परवाना, गळ, आमिष, आणि थंडी म्हणून थोडी राकिया.

सहा तास बसलो. बोटाएवढा एक आला, त्याला सोडून दिला. बाजूचे आजोबा म्हणाले, अहो, कार्प आत्ता तळाशी झोपलेत, एप्रिलमध्ये या.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सर्दी. तरी रोजगार कार्यालयात हजेरी लावून आलो. टेबलामागची मुलगी म्हणाली, भत्ता डिसेंबरअखेर संपतोय, काका, आणखी काय काय येतं तुम्हाला? म्हटलं, नेतृत्व. तिने बराच वेळ टाइप केलं. चांगलं लक्षण.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

उपास सुरू झाले. देसांकाला नवा छंद लागलाय: उपासाचे केक. अक्रोड, जर्दाळूचा मुरंबा, ना दूध ना अंडं. संत निकोलाच्या दिवशी अर्ध्या गावाकडे स्लावा असते आणि उरलेलं अर्धं गाव पाहुणं असतं, त्यामुळे बायका हिला ऑर्डर देतात. बरं आहे, तिचं मन रमतं.

पण ओव्हन सकाळपासून चालू. असंच चाललं तर मीटर लाल झोनमध्ये जाणार, युनिटला दुप्पट भाव. मी समज दिली. ती म्हणाली, लाल झोनचे पैसेही हाच ओव्हन भरणार आहे, तुझी समज नाही भरणार.

हे मला नीट कळलं नाही. सर्दीने कान बंद होते.

५ डिसेंबर, शुक्रवार

महत्त्वाचा दिवस. सविस्तर लिहितो.

सकाळी देसांकाने पिठाचे हात पुसून मला पैसे दिले. केकचे. म्हणाली, विजेचं मागचं सगळं थकलेलं भरून ये, दोनदा बजावून झालंय त्यांचं, आज शेवटची मुदत. सरळ पोस्टात जा, रादिवोये. सरळ.

सरळच निघालो. पण पोस्टाचा रस्ता बाजारातून जातो, आणि बाजारात मासेवाल्याचा ट्रक उभा. हौदात जिवंत कार्प, एकेक मांडीएवढा. तो म्हणाला, साहेब, आज घ्या, पुढच्या आठवड्यात भाव ऐकून इथेच बसाल.

साहेब म्हणाला. माणसाला पारख होती.

मी विचार केला. वीज आज भरली काय, दोन आठवड्यांनी भरली काय, वीज तीच. कार्प मात्र आज स्वस्त आणि निकोलाच्या तोंडावर महाग. सहा घ्यायचे. दोन आपल्या स्लावाला, चार भाव चढल्यावर विकायचे. त्यातून बिल सुटतं, वर वाइन सुटते. याला म्हणतात पैसा फिरवणं. आमच्या डायरेक्टरला हे जमलं असतं तर फॅक्टरी आज चालू असती.

कार्प टबात सोडले. देसांका म्हणाली, हे कुठून? म्हटलं, ओळखीतून. पावती? म्हटलं, पोस्टातलं मशीन बंद होतं, नंतर देतात. बिल भरलंस ना? म्हटलं, भरल्यातच जमा.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग ओव्हनची घंटा वाजली. ओव्हनचा असाही उपयोग आहे.

८ डिसेंबर, सोमवार

सगळं सुरळीत. आंघोळ टबाबाहेर उभं राहून, तांब्याने. देसांका म्हणाली, माझ्याच घरात मी माशांची परवानगी घेऊन अंग धुते.

शेजारच्या कोसारामावशीकडून तिच्या यजमानांच्या फिशटँकचा पंप आणला, नाहीतर सहा जणांना हवा पुरत नाही. मावशी म्हणाली, रादा, त्यांचं बारसं करू नकोस हं, मग सुरी चालणार नाही.

मी काही भावनाप्रधान नाही. सगळ्यांत मोठ्याला नुसतं डायरेक्टर म्हणतो, ते काही नाव नव्हे.

११ डिसेंबर, गुरुवार

विक्री सुरू. इमारतीत दारोदार गेलो, अर्थात सहज गप्पा मारायला. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी विचारलं, तुझ्याकडे कार्प आहेत? वा! मग आम्ही कशाला घेऊ, आम्ही निकोलाला तुझ्याकडेच येणार की. दुसरा मजला, तेच. कोसारामावशी, तेच. जो तो माझ्या पाठीवर थाप मारतोय आणि कोणी मासा घेत नाही.

माझी सगळी गिऱ्हाइकं माझेच पाहुणे आहेत. हे नियोजनात धरलं नव्हतं.

शिवाय सुपरमार्केटने कार्प सेलमध्ये लावला. या देशात बाजाराची अक्कल कोणाला नाही.

सिगारेट ओढली. ताण होता.

१५ डिसेंबर, सोमवार

सकाळी बेल वाजली. भोकातून पाहिलं, वीज कंपनीचं जाकीट. दार उघडलं नाही. श्वास रोखून उभा राहिलो. टबात पंप बुडबुडत होता, तो त्याला ऐकू जाईल असं वाटत राहिलं. शेवटी गेला.

देसांका स्वयंपाकघरातून म्हणाली, कोण होतं रे? म्हटलं, चुकून आलेला.

घरात पाय ठेवायला जागा नाही. टेबलावर केक, कपाटावर केक, आमच्या पलंगावर केक. तिचे डोळे लाल झालेत. काल मला बसवून म्हणाली, नीट ऐक, जानेवारीपासून भत्ता नाही, ही ऑर्डर वेळेवर गेली तर पुढचा महिना निघेल, नाही गेली तर मोमिरपुढे हात पसरावा लागेल. तेवढे दिवस मला त्रास देऊ नकोस.

मी म्हणालो, मी कधी त्रास दिलाय?

उद्या कार्प विकून पहिल्यांदा बिल. नक्की.

१६ डिसेंबर, मंगळवार

एकही गेला नाही. डायरेक्टर माझ्याकडे बघतो.

१७ डिसेंबर, बुधवार. सकाळी अकरा

वीज गेली.

देसांकाचे चार केक ओव्हनमध्ये, अर्धे भाजलेले. पंप थांबला. घरात एकदम शांतता.

मी म्हणालो, इमारतीचीच गेली असेल, फेजचा लोचा.

भिंतीपलीकडे कोसारामावशीचा टीव्ही चालू होता. सासू सुनेला घराबाहेर काढत होती. शब्द न् शब्द ऐकू येत होता.

देसांका ओव्हनकडे बघत राहिली. मग न्हाणीघराच्या दाराकडे. मग माझ्याकडे. फक्त म्हणाली, ओळखीतून.

मी बरंच काही बोललो. भाव, बाजार, चढ-उतार. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीवर बसली आणि तिने पिठाच्या हातांनी तोंड झाकून घेतलं. मग उठली आणि भावाला फोन लावला.

१८ डिसेंबर, गुरुवार

मोमिर काल व्हॅन घेऊन आला, केक, पीठ, ताटं आणि माझी बायको घेऊन गेला. त्यांनी बेकरीच्या भट्टीत रात्र काढली. आज सगळ्या ऑर्डरी गेल्या. एकही चुकली नाही. मोमिरने मला एका शब्दाने टोकलं नाही. दुष्टपणाच म्हणायचा.

आलेल्या पैशांतून देसांकाने स्वतः पोस्टात जाऊन बिल भरलं. वीज सोमवारी जोडणार, आधी माणूस नाही.

कार्प पंपाविना तडफडायला लागले. बादलीने पाणी बदलत राहिलो, हात सुन्न झाले. चार मेले. मग सुरी घ्यावीच लागली. डायरेक्टर शेवटी. याबद्दल जास्त लिहीत नाही.

शेगडीही विजेचीच, म्हणून तळण्याचा मान कोसारामावशीला दिला. ती म्हणाली, आण बाबा, आण, तेल तरी आहे का तुझ्याकडे?

तेल तिचंच.

१९ डिसेंबर, शुक्रवार. संत निकोला

प्रत्येक ताटात कार्प झाला. हे आधी लिहून ठेवतो.

पाहुणे दुपारपासून. तिसरा मजला आला, दुसरा आला, देसांकाच्या केकवाल्या बायका आल्या. चार वाजता अंधारलं आणि टेबलावर एकटी स्लावाची मेणबत्ती. लोक म्हणाले, अरे वा, किती छान वाटतंय! मी म्हणालो, बाबांच्या काळची पद्धत, मुद्दाम ठेवली. मेणबत्तीसमोर बल्ब म्हणजे अपमान. सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणी कोणाकडे बघितलं नाही.

मग पाद्री आले, ओव्हरकोटसकट. त्यांना अजून दहा घरं करायची होती. पावावर वाइन ओतली, माझ्याबरोबर तो फिरवला, मोडला, प्रार्थना म्हटली. मी त्यांनाही जुन्या पद्धतीचं सांगायला लागलो. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, हो ना, आज या रस्त्यावर जुन्या पद्धतीचं हे तिसरं घर.

मी त्यांच्यासाठी दार उघडलं.

जाताना प्रत्येक जण देसांकाला भेटला. तिचा हात धरला, नाताळच्या ऑर्डरी सांगितल्या. माझ्या पाठीवर थाप मारली. माझ्या स्लावाला लोक माझ्या बायकोकडे आले होते. लाज वाटली. इथे कोण वाचतंय म्हणून लिहितो.

मोमिर सगळ्यांत शेवटी उठला. बूट घालता घालता म्हणाला, मग दाजी, सोमवारी पहाटे व्हॅनवर? मी म्हणालो, विचार करून कळवतो. देसांका म्हणाली, येतोय तो.

सगळे गेल्यावर मी लाल वाइनचा ग्लास घेतला. दिवसभरात एवढं एकच काम उरलं होतं, माझं, कर्त्याचं. मेणबत्तीशी उभा राहिलो, प्रार्थना म्हटली, हात पुढे केला.

देसांका मोरीपाशी होती, बाह्या वर केलेल्या, समोर ताटल्यांचा ढीग. म्हणाली, विझवू नकोस. भांडी घासायची आहेत.

मी ग्लास हातात घेऊन तसाच उभा.

म्हणाली, आणि जरा बाजूला हो, उजेड अडवतोयस.

बाजूला झालो. ग्लास खाली ठेवला, फडकं शोधलं आणि ताटल्या पुसायला घेतल्या.