वर्ष व्हायच्या आत

सोम., ३ फेब्रु.
समुपदेशक बाईंकडे चौथ्यांदा. ह्यांच्याबद्दल बोलले, त्यांनी ऐकलं. तेवढा वेळ बरं वाटतं. आज म्हणाल्या, "काकू, वजन फार उतरलंय तुमचं. आता सायकिॲट्रिस्टना दाखवाच. ते डॉक्टर असतात, तपासून औषध देतात. मला ते करता येत नाही."
म्हणजे तुमच्याकडे यायचं नाही?
"यायचं. दोन्ही लागेल."
डॉक्टर ठाण्याचे. टेंभी नाक्याजवळ, म्हणजे वन्संच्या घरापासून दोन गल्ल्या. नेमकं.

गुरु., ६ फेब्रु.
गेले नाही. निखिलला सांगितलं, डोकं दुखतंय. संध्याकाळी वन्संचा फोन. "नवरा गेल्यावर बाई पूर्वीसारखी खाते-पिते होय? वर्षश्राद्ध होऊ दे, आपोआप मन ताळ्यावर येतं." सहा महिने झालेत. अजून तेवढेच.

सोम., १० फेब्रु.
निखिलने सुट्टी टाकली, घेऊनच गेला. मला वाटलेलं, पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायचं. तसं नाही. डॉक्टर त्याच्याच वयाचे. बीपी, वजन, झोप, थायरॉइड कधी केलं, माहेरी कुणाला असा त्रास होता का. ह्यांच्याबद्दल थोडंच.
निखिल म्हणाला, "आमच्यात वर्षभर गोडधोड करत नाहीत, तेव्हापासून आईचं खाणं कमी झालंय."
डॉक्टर माझ्याकडे वळले. "काकू, गोड सोडलंय, की खाल्लं तरी गोड लागत नाही?"
हे कुणी विचारलं नव्हतं. काहीच कशासारखं लागत नाही, म्हटलं. निखिल बघतच राहिला.
मग विचारलं, जगू नये असं वाटतं का. नाही म्हटलं. त्यांनी निखिलला बाहेर बसवलं आणि तोच प्रश्न पुन्हा, तशाच आवाजात. खरं ते सांगितलं.
"हे मुलाला सांगावं लागेल. तुमच्यासमोरच सांगतो."
सांगितलं. निखिल रिक्षात माझी पर्स स्वतःच्या मांडीवर घेऊन बसला.

बुध., १२ फेब्रु.
रक्त देऊन आले. गोळी सुरू. फरक पडायला काही आठवडे लागतात म्हणे. मी परवा विचारलं होतं, गोळीने ह्यांचं काही वाटेनासं होईल का. डॉक्टर म्हणाले, "दुःखाला माझ्याकडे औषध नाही. ते राहील. आजाराला आहे."
गोळ्या निखिलच्या कपाटात, किल्ली त्याच्याकडे. डॉक्टरांनीच सांगितलंय तसं. माझ्या घरात मी मागून घ्यायची. राग येतो. तोही पाणी पुढे करतो आणि टीव्हीकडे बघत उभा राहतो. टीव्ही बंद असतो.

शुक्र., २१ फेब्रु.
बी-१२ कमी, त्याचीही गोळी. बाकी ठीक. काल सलग झोपले.
बाईंकडे गेले. ह्यांच्या दवाखान्यातल्या शेवटच्या दिवसांबद्दल बोलताना रडू आलं. बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं. वाईट वाटलं की बरं, कळेना. बाई म्हणाल्या, घाई नाही.
जेवण मात्र अजून ढकलावंच लागतं. आणि तो विचार येतो. पूर्वीइतका नाही, पण

रवि., २ मार्च
वन्संना कळलं. त्यांच्या शेजारणीने मला क्लिनिकच्या जिन्यात पाहिलं.
"इकडे आलीस आणि चहाला आली नाहीस! आणि त्या डॉक्टरकडे कशाला गं? वेड्यांचा डॉक्टर तो. गुरुजींना विचारून शांत केली असती. निदान वर्ष तरी होऊ द्यायचंस."
"वन्सं, वर्षाला मी असावं म्हणूनच जातेय."
तोंडून गेलं.
मग म्हणाल्या, "तिथे बरोबर कुणी लागतं का?"
"निखिल येतो ना," म्हटलं, आणि फोन ठेवला.
मंगळवारी पुन्हा डॉक्टरांकडे जायचंय आणि निखिलला सुट्टी नाहीये. एकटी जायला डॉक्टरांनी अजून हो म्हटलेलं नाही. वन्संना उलटा फोन करावा का? दोनदा नंबर काढला.