माझी मालमत्ता आणि तौकीर सोलकरचा मृत्यू

मी, मृणाली प्रशांत आरेकर, वय त्रेचाळीस, व्यवसायाने भूशास्त्रज्ञ, मूळची पालशेत, तालुका गुहागर येथील, सध्या राहणार उम्म अल हस्सम, मनामा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मनाने लिहीत आहे. प्रकृती उत्तम आहे. घरच्यांचा दबाव आहे तो मी जाऊ नये यासाठी, आणि तो मी मानलेला नाही. पुढच्या आठवड्यात केपटाऊनहून संशोधन जहाजाने मी पुन्हा अंटार्क्टिकाला निघते आहे. मोहीमप्रमुख मागच्या वेळचेच आहेत, डॉ. हेगिष्टे. म्हणून हे लिहून ठेवणे भाग आहे.

कलम १. ठेवी आणि दागिने पती प्रशांत यांचे. माझे वडील शिवदास पालशेतकर यांचे औषधपाणी त्यांनी त्यातून पाहावे. आप्पांना मुंबईला हलवू नये. समुद्र दिसला नाही की त्यांचे जेवण सुटते.

कलम २. माझा खडक फोडायचा हातोडा, होकायंत्र आणि भिंगे भूशास्त्र शिकणाऱ्या कोणाही मुलीला द्यावीत. डॉ. हेगिष्टे यांनी आठवण म्हणून मागितली तरी देऊ नयेत.

कलम ३. हा मजकूर मालमत्तेचा नाही, तरीही वकिलांनी तो गाळू नये.

तौकीर सोलकर आमच्याच इमारतीत राहायचा. मूळ रत्नागिरीचा, बोटींच्या इंजिनांचा मेकॅनिक. जहाजाला रबरी होडी चालवणारा माणूस हवा होता, तेव्हा त्याचे नाव मीच सुचवले. गेल्या मोसमात तो, मी आणि डॉ. हेगिष्टे होडीने एका कड्याखाली उतरलो. तिथे बर्फ नेमका कधी आला हे त्या कड्यातले खडक सांगू शकतात. नमुन्यांची पोती भरून आम्ही परत निघालो आणि वारा फिरला. सुटा बर्फ आमच्या दिशेने येऊ लागला. होडी जड झाली होती, पाणी आत येत होते. तौकीरने पोती टाकून द्यायला सांगितले. डॉक्टर एका पोत्यावर बसून राहिले. तीन मोसमांचे काम आहे, म्हणाले.

मी हाताशी आलेले पोते टाकले. जहाजावर तौकीर मला नेहमी मॅडम म्हणायचा. त्या क्षणी म्हणाला, "ताई, इंजिन धरा." मी इंजिन धरले. तो डॉक्टरांच्या खालचे पोते ओढायला उठला. डॉक्टरांनी ते दोन्ही हातांनी मागे खेचले, होडी कलली आणि तौकीर पाण्यात गेला. त्यानंतर डॉक्टरांनी उरलेली सगळी पोती स्वतःच्या हाताने समुद्रात टाकली. मी होडी फिरवली, हाका मारल्या. तोवर सुटा बर्फ एकमेकांना भिडून तिथले पाणी झाकले गेले होते. तो सापडला नाही.

अहवालात लिहिले आहे की चालक सूचनेशिवाय उभा राहिला आणि तोल जाऊन पडला. चौकशीत मी वरीलप्रमाणे सांगितले. ते अहवालात आले नाही. मी त्यावर सही केलेली नाही, करणारही नाही. मी परत आले नाही, तर हीच माझी साक्ष समजावी.

कलम ४. मग जातेस कशाला, असे प्रशांतने विचारले. त्याच कड्याखाली पुन्हा होडी उतरणार आहे आणि तिच्यात दुसऱ्या कोणाचा तरी नवरा बसणार आहे. कडा ओळखणारी मीच असल्याने त्यांना माझी गरज आहे. होडी उतरवायची की नाही, काय टाकायचे आणि काय ठेवायचे, हे मी ठरवीन, या अटीवर मी होकार दिला. डॉक्टरांनी ती अट लेखी मान्य केली आहे. समुद्रावर पाळतील का, हे मला माहीत नाही. भीती वाटते, हेही लिहून ठेवते.

कलम ५. रत्नागिरीचा माझा फ्लॅट मी या कलमाच्या मसुद्यात तौकीरची पत्नी अदीबा हिला दिला होता. तौकीर गेला तसा त्याच्या नावावरचा कुटुंबाचा व्हिसाही गेला. अदीबा आता शाळेत नोकरी करून मुलगी लाईबासह इथे राहते. नोकरी सुटली तर गावी तिला स्वतःचे छप्पर नाही.

आज सहीपूर्वी मी तिला हे सगळे वाचून दाखवले. तिसरे कलम तिने पुन्हा वाचायला लावले. मग साक्षीदार म्हणून सही करते म्हणाली. वकिलांनी समजावले की ज्याला लाभ मिळतो त्याने साक्षीदार होऊ नये. दोन्हींपैकी एकच करता येईल. मी फ्लॅट घे म्हणून विनवले. लाईबाचे नाव काढले. ती म्हणाली, "ताई, फ्लॅट राहू दे. माझ्या माणसाचं काय झालं ते फक्त ह्या कागदावर खरं आहे. ह्याच्यावर माझी सही पाहिजे."

म्हणून कलम ५ मधील दान मी रद्द करते. फ्लॅट प्रशांतकडे जाईल.

ठिकाण: मनामा, बहरीन
दिनांक: १४ डिसेंबर २०२५

लिहून देणार: मृणाली प्रशांत आरेकर

आमच्यासमक्ष सही केली:
१. जमालुद्दीन परकार, कापड दुकानदार, बाब अल बहरीन
२. अदीबा तौकीर सोलकर