बर्फाला लावलेला कान

ओबरगांड, २८ डिसेंबर १९९६

नऊ रात्रींची खोली, न्याहारी आणि रात्रीचं जेवण धरून — अकरा हजार दोनशे शिलिंग. बर्फासाठी चाकांच्या साखळ्या — नऊशे. बायकोचे, रोझविटाचे, लोकरीच्या अस्तराचे बूट — आकडा तिनं सांगितला नाही, म्हणजे मोठाच असणार. हे झालं कागदावरचं. खरा खर्च वेगळा. बेचाळीस वर्षं पुरवून वापरलेली एक सबब होती माझ्याकडे — "धंद्यातून सवड कुठाय!" ऑक्टोबरात धंदा मुलाच्या हाती दिला आणि सबब संपली.

दोष तरी कुणाला देणार? बायकोनं एकसष्टीची भेट म्हणून गुपचूप खोली घेतली. "जिथं तू एवढं नाव काढून आलास, ते गाव मला एकदा बघू दे की!" दर नाताळात पाहुण्यांपुढे मीच ना ही गोष्ट सांगत आलो? ओबरगांडवर हिमलोट कोसळला, खालच्या गावांतून आम्ही शंभर जण खणायला आलो, आणि कमांडर सेवेरीननं शंभरांतून मला निवडलं. एकोणीस वर्षांच्या पोराला! "गेबहार्ट, तू आडवा हो. तू ऐक." शिट्टी वाजली की सगळ्यांनी फावडी खाली ठेवायची, टोप्या कानांवरून वर करायच्या, श्वाससुद्धा जपून घ्यायचा. आणि एकानं बर्फाला कान लावायचा. तो एक म्हणजे मी.

याच गोष्टीवर मला पहिलं कंत्राट मिळालं. भिंतीला कान लावून पाइप कुठं गळतोय ते सांगणारा माणूस! तीस वर्षं अर्ध्या प्रांताची घरं तापवली.

पुढचं मात्र कुणाला सांगितलेलं नाही. रोझविटालाही नाही.

२९ डिसेंबर

मऊ बर्फ. गाव टुमदार, धुराडी सरळ वर धूर सोडतायत. चालून आलो, गरम वाइन घेतली, दुपारी आडवा झालो. शेजारच्या खोलीतलं जोडपं स्कीच्या भाड्यावरून भांडत होतं — तो म्हणे, "तू तर दिवसभर खुर्चीत बसणार, तुला स्की कशाला?" ती म्हणाली, "तुला ढकलायला!" लाकडी भिंती. मजा आली.

घर चालवणारी बाई म्हणजे नोटबुर्गा. सगळे बुर्गी म्हणतात. साठीची, खांदे पुरुषी, हात लालबुंद. जेवणघरात भिंतीवर एक फोटो आहे. दात थोडे पुढे असलेला तरुण, खांद्यावर दोरखंड. खाली लिहिलंय — कासिआन, वय तेवीस.

तिचा भाऊ. त्या हिमलोटात तेरा गेले. आम्ही बारा काढले. तेरावा, म्हणजे हाच कासिआन, बर्फ वितळल्यावर सापडला, हे मला वर्तमानपत्रातून कळलं होतं. कुठं सापडला ते छापलं नव्हतं. मी कधी विचारलंही नाही.

चार वाजता तीन ठोके ऐकू आले. थांबले. परत तीन.

३० डिसेंबर

इथं सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात. डोंगरात तीच रीत आहे. बुर्गी रोझविटाला पहिल्याच दिवशी म्हणाली, "ये गं, बस चुलीपाशी." मला मात्र — "तुम्हाला अजून सूप वाढू का?"

रोझविटा हसते. "तुझ्या पोटाला मान देतेय रे ती."

मला नाही हसू आलं. माझं नाव वहीत लिहिताना तिचं पेन थांबलं होतं. तो आवाज मी ऐकला.

आज आणखी एक प्रताप. माझी लोकरीची लांब चड्डी भिजली होती. सज्जात दोरीवर टाकली. नाताळ ते तीन राजांचा सण, या बारा दिवसांत बाहेर काही वाळत घालत नाहीत, हे मला ठाऊक नाही का? आईनं याच्यासाठी कानफटात दिली होती एकदा. पण म्हटलं, मी बॉयलरवाला माणूस, असल्या गोष्टी कोण मानतो! संध्याकाळी बुर्गीनं चड्डी घडी करून आणून दिली.

"बाहेर नका घालू. या दिवसांत गेलेल्यांचे आत्मे वरून जात असतात. अडकतात त्यात."

"गेबहार्टच्या चड्डीत गं कोण अडकणार?" रोझविटा म्हणाली.

"खरंय, बघूनच पळतील." बुर्गी हसली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "पण ज्यांना घरच सापडलेलं नाही, ते कशातही अडकतात."

३१ डिसेंबर

ठोके पुन्हा. चारलाच. उजेड निळा होतो तेव्हा.

पाइप म्हणावा तर पाइपचा आवाज मला झोपेतही ओळखू येतो. गरम होताना टिकटिक करतो, थंड होताना कण्हतो. हा तसा नाही. हा खालून येतो, आणि माणसाचा आहे. माणूस ठोकतो तेव्हा तिसरा ठोका दमलेला असतो.

१ जानेवारी

सगळ्यांनी मिठ्या मारल्या. बुर्गीनं हात दिला.

२ जानेवारी

तळघरात जाऊन आलो. "बॉयलर बघू का जरा? जुनी खोड आहे," असं बुर्गीला म्हटलं. ती म्हणाली, "बघा की, फुकटात बघणार असाल तर!" चार वाजता मी पंप स्वतःच्या हातानं बंद केला. पाइपांवर तळवा ठेवून उभा राहिलो. घरात पाणी हलत नव्हतं.

तीन ठोके.

वर आलो. रोझविटा खिडकीशी विणत बसली होती. "ऐकलंस?" "काय?" "आत्ता!" "अरे, बर्फ पडतोय. बर्फाचा कुठं आवाज असतो?"

ऐकू येतं ते फक्त मला.

३ जानेवारी

लिहूनच टाकतो.

खणण्याचा दुसरा दिवस होता. एका गाडल्या गेलेल्या गोठ्यापाशी, वरच्या उताराखाली आम्ही होतो. डोक्यावर बर्फाचा उरलेला थर लोंबत होता, कधीही सुटला असता. सगळ्यांचे डोळे तिकडेच. शिट्टी झाली. मी आडवा झालो, कान लावला. गार वाटेनासं झालं, मग ऐकू आले. तीन ठोके. थांबले. परत तीन. हो म्हटलं असतं तर त्या थराखाली तासन् तास खणावं लागलं असतं. शंभर माणसं होती. मीही होतो. माझ्या पायांना काही कळत नव्हतं. मला आई हवी होती.

सेवेरीननं खांदा हलवला. "काय रे?"

मी म्हणालो, "काही नाही."

आणि आम्ही खालच्या अंगाला सरकलो.

झालं. एवढंच. सगळी हयात मी लोकांच्या भिंतींना कान लावून पैसे कमावले. ज्याच्यासाठी कान लावला होता, त्याला तिथंच ठेवून आलो.

४ जानेवारी

चांगलं ऊन. घसरगाडीवरून रोझविटा ओरडत खाली आली, टोपी उडाली, गाल लाल. इतकी खूश तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. परत निघायचा विषय काढला. म्हणाली, "परवापर्यंतचे पैसे दिलेत, परवापर्यंत राहायचं!" ही सवय मीच लावली तिला.

५ जानेवारी

घर धुपवायचा दिवस. उजेड उतरू लागला तसे सगळे पाहुणे जेवणघरात जमले. ते भांडणारं जोडपंसुद्धा, हात धरून. बुर्गी चुलीतले निखारे आणि धूप लोखंडी कढईत घेऊन पुढे. प्रत्येक खोलीत थांबायचं, प्रार्थना म्हणायची, घरातून गेलेल्यांची नावं घ्यायची. मग पुरुषांनी टोपी धुरावर धरून डोक्यात घालायची — वर्षभर डोकं दुखत नाही म्हणतात.

माडीवरच्या छोट्या खोलीत गेलो. खाट, दोरखंड, जुने बूट. बुर्गी म्हणाली, "कासिआन." सगळे पुटपुटले, "कासिआन." टोप्या एकेक करून धुरावर आल्या. माझी पाळी आली. हात पुढे जाईना.

"धर की टोपी, गेबहार्ट," ती म्हणाली. रोझविटानं चमकून पाहिलं. अरे-तुरे!

मी म्हणालो, "मला हक्क नाही."

तिनं कढई रोझविटाच्या हातात दिली. "तू ने गं पुढच्या खोल्यांना, दरवर्षी येणारे हे पाहुणे दाखवतील." आणि मला स्वयंपाकघरात बसवलं. मी सगळं सांगितलं. ठोके, लोंबता थर, माझे पाय, "काही नाही" म्हणालो ते. मान वर केली नाही. ती बटाटे सोलत होती. सोलणं थांबलं नाही.

शेवटी म्हणाली, "तुझं नाव वहीत लिहिलं तेव्हाच ओळखलं. म्हटलं, हा फुशारक्या मारत फिरणारा माणूस माझ्या घरात काय शोधायला आलाय? तुझी गोष्ट वरपर्यंत पोचलेली आहे रे. पाइप विकणाऱ्यांना तोंड असतं." मग — "मी तिथंच होते. चहाची किटली घेऊन फिरत होते. उद्या बोलू. आज त्याचा दिवस आहे."

रात्रभर ठोके नव्हते. मी जागाच होतो.

६ जानेवारी

सामान गाडीत. बुर्गी अंगणात आली, फावडं टेकून उभी राहिली आणि सांगून मोकळी झाली. कासिआन लाकूडगिरणीखाली सापडला, गोठ्यापासून दोन किलोमीटर. मान मोडली होती, पहिल्याच क्षणी गेला असणार. गोठ्याची जागा त्या दिवशी सकाळीच तळापर्यंत खणून झाली होती, खाली कुणी नव्हतं. दोन दिवस न झोपता मी उभ्या उभ्या कोसळत होतो, घरी जा म्हटलं तर रडत होतो. म्हणून सेवेरीननं मला तिथं कामाच्या नावाखाली आडवं केलं. ऐकायला वर उतारावर दुसरा माणूस होता.

"सगळे टोप्या वर करून गप्प उभे," बुर्गी म्हणाली, "आणि तू घोरत होतास."