प्लुटोचा बर्फ आणि तीन बटणं

नागपूर,
१२ मे

ती. जयवंताताईस,

धाकट्या शरयूचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? अमरावतीच्या उन्हाचं विचारत नाही. इथे सेहेचाळीस आहे, म्हणजे तिथेही काही मजा नसणार. माझी तब्येत उत्तम, अब्रूचं मात्र बरं नाही.

तुझ्या कन्येबद्दल लिहिते आहे. अदिती तीन रविवार माझ्याकडे जेवायला आलेली नाही, फोनही उचलत नाही. तिने तुला काही सांगितलं असेल तर ते एकतर्फी आहे. गेल्या महिन्यात तिनेच हौसेने मला तिची प्रयोगशाळा दाखवायला नेलं. मी डब्यात सांबारवडी आणि बाटलीत पन्हं घेतलं. बाहेर चपला डांबराला चिकटत होत्या, आणि आत ही पोरगी एका स्टीलच्या पिंपात उणे दोनशे पस्तीस डिग्री करून बसलेली! त्यात नायट्रोजन (तोच, जो आपण फुकट श्वासात घेतो) गोठवून रुपयाएवढा बर्फ केलेला. प्लुटोवर म्हणे असाच बर्फ असतो; तो कसा सरकतो, कधी तडकतो, ते इथे बसून बघायचं. त्यासाठी पिंप एकोणीस दिवस अखंड चालू. मी म्हटलं, मग माझी बाटलीही ठेव आत. तर म्हणते, "मावशी, प्लीज, कशाला हात लावू नकोस." (हे भूगोलाच्या शिक्षिकेला! तीस वर्षं मी मुलांकडून नऊ ग्रह पाठ करून घेतले. प्लुटोला ह्या लोकांनी मला न विचारता काढून टाकलं, आणि आता त्याच्याच बर्फाचे लाड.)

मग ती चहा सांगायला गेली आणि डबा घेऊन मीही तिच्या मागे बाहेर पडले. अर्ध्या तासाने परत येऊन बघतो तर पिंप गप्प, कॉम्प्युटर काळा आणि अदिती पांढरी. धीर द्यावा म्हणून मी म्हटलं, अगं, नागपुरात लाइन जातेच. त्यावर तिथले मदतनीस दादाजी (पन्नाशी उलटली, पण पोच नाही) म्हणाले, "लाइन काहून जाईन बाई? बाहीरचा पंखा त फिरूनच राहिला." आणि दोघं माझ्याकडे बघत राहिले. माझ्याकडे! आमच्या ह्यांची (आता फोटोतूनच बघतात) उभी नोकरी खापरखेड्याच्या वीज केंद्रात गेली; विजेची किंमत मला कोणी शिकवू नये. सदर भागातल्या कॉन्व्हेंटात अकरा वर्षं सिस्टरांनी आम्हाला खोटं बोलू दिलं नाही, आणि मी बोललेही नाही. माझं वाक्य पुन्हा वाच.

तेव्हा मुलीला चार शब्द सुनाव.

तुझी,
शरयू

ता. क. काल भाजीबाजारात दादाजी भेटले. पिंप पुन्हा सुरू केल्यावर त्या बर्फात कोणी कधी न बघितलेल्या भेगा निघाल्या म्हणे. अदितीचे सर खूश आहेत, पण बर्फ किती वेळ तापला हे कळल्याशिवाय तिला त्यावर एक ओळ लिहिता येत नाही. कॉम्प्युटर असा मध्येच बंद झाला की त्या तासाची नोंदही पुसली जाते म्हणे. "टाइम मालूम असता त म्याडमचं काम झालं असतं," म्हणाले, आणि माझ्या पिशवीतली मेथी बघत राहिले.

ता. क. २. खोलीतल्या पंख्याचं बटण चार दहाला, पिंपाचंही चार दहाला, कॉम्प्युटरचं चार अकराला (ते कडक होतं). रिकाम्या खोलीतून निघताना हात आपोआप गेला. आमच्या वीज केंद्राच्या कॉलनीतल्या कुठल्याही बाईचा गेला असता. आणि घड्याळ बघितल्याशिवाय मी आजवर एक बटण बंद केलेलं नाही. घरचा कूलर बंद केला तरी हे वेळ विचारायचे.

हे अदितीला तू सांग. माझा फोन ती उचलत नाही, आणि उचललाच, तर मी पुन्हा लाइनचंच काहीतरी बोलेन.